कळंबच्या आभाळाचा सर्वे नंबर

सोमवारी संध्याकाळी साडेसातला कळंबच्या समुद्रावर सात हिरवट दिवे ओळीने लटकले आणि दहा मिनिटांनी विझले. अख्ख्या गावाने पाहिले. बुधवारी वरून कागद आला: दिव्यांचं कारण कळेपर्यंत किनाऱ्यावर जमाव बंद.

आणि गुरुवारी देवळापुढच्या वाळूत वसुंधराताईंचं कीर्तन! घशाच्या ऑपरेशननंतर वर्षाने बाई उभ्या राहणार होत्या. फोनवर मला म्हणाल्या, "दीपेश, आता नाही गायले तर पुन्हा धीर व्हायचा नाही." कीर्तन मंडळाचा चिटणीस मी. देवाला काय तोंड दाखवणार?

गुरुवारी सकाळी तलाठी चंद्रहास छापील फॉर्म घेऊन पंचनाम्याला आले.

"जागेचा सर्वे नंबर?"

"आभालाला नंबर नाय, सायेब," केनी म्हणाला. त्याची होडी नेमकी दिव्यांखाली होती, म्हणून तो पहिला पंच.

"चतुःसीमा तरी सांगा. पूर्वेला?"

"क्लाराबायची वाडी."

"पश्चिमेला?"

"अरबस्तान."

तलाठ्यांनी लिहून घेतलं. 'वस्तूचा मालक' या रकान्यापाशी पेन अडलं. मी परमेश्वराचं नाव सुचवलं.

"त्यांची सही लागेल," ते म्हणाले.

ऊन चढत होतं. माझा धीर सुटला. "साहेब, लग्नातले आकाशकंदील होते असं लिहा. मी सही करतो."

दुसऱ्या पंच क्लाराबाय. रोज पहाटेची चर्चमधली मिस्सा न चुकवणारी बाई, ती उसळलीच. "कपालाला गंध लावून खोटं बोलतोस? तुझ्या देवाला सांगू, का माझ्या? दोघांना सांगते!"

मी मटकन वाळूत बसलो. "मग कीर्तन गेलंच."

"कसलं कीर्तन?" तलाठ्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं; ताईंचा घसा, तो फोन. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला.

"घटना जिथे दिसली तिथे, त्याच वेळी, साक्षीदारांसह फेरपाहणी करता येते. किती जणांनी पाहिलं?"

"सगल्या गावाने," केनी म्हणाला.

"मग सगळ्या गावाने आज साडेसातला हजर राहायचं. हा जमाव नाही, ही चौकशी आहे. ताईंनी दिवे पाहिले?"

खोटं बोलायची आता माझी छाती नव्हती. "नाही. त्या मनवेलपाड्याला घरी होत्या."

"न पाहिल्याचाही जबाब घ्यावा लागतो."

"हे खरं हाय," म्हणत क्लाराबायने सही ठोकली.

साडेसातला पाचशे साक्षीदार वाळूत बसले. ताईंनी जबाब उभ्याने दिला, साथीला पेटी-तबला. पहिलाच सूर चिरला. ताईंच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या. तबलजी उगाच हातोडीने तबला ठोकू लागला. ताई घोटभर पाणी प्याल्या, पट्टी उतरवली आणि पुन्हा सूर लावला.

लागला! अहो, काय लागला! किंचित खरखरीत, पण आता त्यात काहीतरी जास्तीचं होतं. सोमवारी साडेसातला आपण डोळे मिटून नाम घेत होतो, म्हणून आभाळात काय झालं ठाऊक नाही, हे सांगायला बाईंनी सव्वा तास आणि अकरा अभंग घेतले. अशी काटेकोर साक्ष मी जन्मात ऐकली नव्हती. आभाळाकडे एकानेही पाहिलं नाही.

पूर्वरंग संपला तेव्हा तलाठ्यांचा कागद कोरा होता आणि डोळे ओले. आता आख्यान लावायचं, तर ताईंनी घशाला हात लावून नकारार्थी मान हलवली. डॉक्टरांनी एका दिवसात एवढंच गायची परवानगी दिली होती.

तलाठी उठले, खाकरले आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले: "साक्षीदाराचा जबाब अपुरा. उद्या त्याच वेळी सर्वांनी हजर राहावे."

"खुर्ची आनू ना, सायेब?" क्लाराबायने विचारलं. "वालूत कंबर धरते."