महाराजांनी उठवलेला माणूस

"उठला! मेलेला उठला!"

ठाकुर्लीच्या त्या सभागृहात एकच गलका झाला. सत्संगात उभ्याउभ्या कोसळलेले सीतारामकाका डोळे चोळत उठून बसले होते. चिरंजीव महाराजांनी त्यांचे पाय मांडीवर घेतले होते, छातीला अंगारा फासला होता आणि यमाला दम भरला होता, "नीघ इथून! हा माझा माणूस आहे!" यम बिचारा मागच्या दाराने कळव्याकडे पळाला असावा.

"अहो, नुसती भोवळ होती," शाळेत विज्ञान शिकवणारी देवयानी शेजारच्या नीलाताईंना म्हणाली. "मी नाडी पाहिली ना, चालू होती."

"तुझं आपलं काहीतरीच!" नीलाताईंनी हात जोडले.

पुढच्याच सत्संगात नीलाताईंचे यजमान प्रभाकरराव कोसळले. देवयानी धावली. हाकेला ओ नाही, श्वास नाही. मधूनच एखादा आचका.

"हृदय बंद पडलंय! अॅम्ब्युलन्स बोलवा! ऑफिसातलं शॉक द्यायचं मशीन आणा!" ओरडतच ती छाती दाबू लागली.

मशीन कपाटात होतं. चोरीला जाऊ नये म्हणून कपाटाला कुलूप होतं, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते सभागृहाचे सेक्रेटरी सर्वेश चिरंजीव महाराजांना वाट करून देत होते.

दोघा सेवेकऱ्यांनी देवयानीला ओढून बाजूला केलं. "मॅडम, मध्ये येऊ नका. श्वास येतोय, दिसत नाही का?"

"तो श्वास नाहीये रे! सोडा मला!"

महाराजांनी पाय मांडीवर घेतले, अंगारा फासला. जयघोष चढत गेला. आचके थांबले. अॅम्ब्युलन्स आली तेव्हा उशीर झाला होता. "आयुष्यरेषाच संपली होती," असं म्हणून महाराज गाडीत बसले.

शोकसभेत नीलाताईंनीच विचारलं, "मग सीताराम कसा गं उठला?"

"उपास, उकाडा, तासन्‌तास उभं राहणं. मेंदूला रक्त कमी पडलं. आडवे झाले, पाय वर गेले, रक्त पोचलं. महाराज नसते तरी उठले असते. प्रभाकररावांचं हृदयच थांबलं होतं. तिथे पाय उचलून काय होणार?"

"हे वाचले असते?"

देवयानीला खोटा धीर देववेना. "नक्की नाही सांगता येत. पण संधी होती. ती आपण घालवली."

नीलाताई सर्वेशकडे वळल्या. "या रविवारी हॉल हिला द्या. सगळ्यांना शिकू दे."

रविवारी मोजकीच माणसं आली. बाकीची मोहने गावी महाराजांच्या दर्शनाला गेली होती. नीलाताई गुडघे टेकून सरावाच्या पुतळ्याची छाती दाबत राहिल्या. दमल्या, तरी थांबेनात.

"माणूस ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल," देवयानी सांगत होती, "तर मदत बोलवा, छाती दाबा, मशीन आणा. चमत्काराची वाट पाहू नका. तेवढ्यात माणूस जातो."