पत्त्याचा रकाना

नवऱ्याने, डेटलेफने, लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं, तेव्हा फ्राउकेची डाव्या हाताची बोटं कीबोर्डवरच होती.

"दुकान थाटतेस? माझ्या घरात बसून?"

एवढं बोलून त्याने झाकणावर कोपर टेकलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. हाडं मोडल्याचा आवाज तिला आधी ऐकू आला, कळ मागून आली. जुन्या खुर्च्यांना नवी गादी आणि कापड चढवण्यात फ्राउकेचा हात धरणारं ब्रेमेन शहरात कुणी नव्हतं. त्या कामाची वेबसाइट करावी म्हणून ती कुठलं सॉफ्टवेअर बरं ते नुसतं चाळत होती. पट्टा तिने सोसला होता, एकदा तापलेली इस्त्रीही सोसली होती. बोटांवर मात्र तिचं पोट होतं. आठवडा संपायच्या आत ती लेअर गावात एका खोलीत राहायला आली आणि कुणाला पत्ता दिला नाही.

बोटं जुळली, पण वाकडी. वेबसाइट करायला शिकवणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात बाईंनी तीन सॉफ्टवेअर दाखवली. एकात सगळं स्वतः टाइप करायचं, दुसऱ्यात निम्मंशिम्मं, आणि तिसऱ्यात माउसने चित्रं सरकवायची नि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. नवख्याने पहिलंच शिकावं, पुढे पस्तावा होत नाही, असं बाईंचं मत. फ्राउकेने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि तिसरं घेतलं.

शेजारी एनो टामेन बसायचा. जन्मभर खाटिकखाना चालवलेला विधुर, कबुतरांच्या क्लबासाठी वेबसाइट करायला आलेला. माउस हातात सुऱ्यासारखा धरायचा आणि चुकला की संगणकालाच शिव्या द्यायचा. फ्राउके कितीतरी दिवसांनी हसली ती त्याच्यामुळे.

तिचं पान झकास झालं. खुर्च्या मांडल्या, रंग बसवले, आणि शेवटी सॉफ्टवेअर अडलं. मालकाचं नाव आणि पत्ता भरल्याशिवाय पुढे जाईना. जर्मनीत दुकानाच्या वेबसाइटवर ते द्यावंच लागतं, नाहीतर कुणीतरी वकील नोटीस घेऊन टपलेलाच असतो. पहिल्या सॉफ्टवेअरने हा प्रश्न विचारलाच नसता. सोप्या वाटेची हीच तर गोम असते. फ्राउके त्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिली. तिथला पत्ता डेटलेफही वाचणार होता. मग तिने टामेनला सगळं सांगितलं.

"माझा घाल," तो म्हणाला.

"टामेनसाहेब, तो माणूस कसा आहे ते तुम्हाला—"

"पोरी, मी आयुष्यभर बैल पाडलेत. माझं दार पोस्टमनशिवाय कुणी वाजवत नाही. वाजवू दे की कुणीतरी."

तिने घातला. कामं येऊ लागली. गिऱ्हाइकं खुर्च्या टामेनकडे ठेवून जायची आणि दर शनिवारी फ्राउके सायकलला गाडा जोडून न्यायला यायची.

अशाच एका शनिवारी भर दुपारी ती गल्लीच्या तोंडाशी आली तर टामेनचं दार सताड उघडं. उंबऱ्यावर डेटलेफ पाठमोरा उभा होता. त्याने म्हाताऱ्याचं डोकं केसांना धरून चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग त्याला फरशीवर लोळवून बरगड्यांत लाथा घालू लागला, आणि प्रत्येक लाथेमागे तोच प्रश्न.

"कुठंय ती?"

टामेनच्या तोंडातून रक्त आलं, दात पडले, पण उत्तर आलं नाही. फ्राउके शेजारच्या कुंपणामागे बसली. ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि स्वतःच्याच हाताने दाबून धरलं. समोरच्या घरातल्या बाईने पोलीस बोलावले. ते येईपर्यंत फ्राउकेने लाथा ऐकल्या.

पोलिसांनी डेटलेफला नेलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद देऊन सोडलं.

इस्पितळात टामेनचा चेहरा ओळखू येत नव्हता. एकच डोळा जेमतेम उघडा होता.

"मी वेबसाइट बंद करते," फ्राउके म्हणाली.

"कशाला? तो दारात आला तेव्हाच मी म्हटलं त्याला, पत्ता तिथं लिहिलाय तोच." त्याला हसायचं होतं, पण बरगड्यांनी हसू दिलं नाही. मग त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "तू त्या कुंपणामागं राहिलीस ते बरं केलंस हं, पोरी. बाहेर येतेस की काय म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता."

मार खाताना तो तिच्याकडे बघत होता, हे तिला आत्ता कळलं. लाजेने तिला त्याच्याकडे बघवेना.

घरी येऊन तिने संगणक उघडला. पत्त्याच्या रकान्यातलं टामेनचं घर पुसलं आणि आपलं लिहिलं: रस्ता, घर क्रमांक, दुसरा मजला, डावीकडचं दार. एकदा वाचून पाहिलं. बटण दाबताच पडद्यावर रंगीबेरंगी कागद उधळले गेले आणि सॉफ्टवेअरने तिचं अभिनंदन केलं. आता तुम्ही सर्वांना सहज सापडाल, असं त्यात लिहिलं होतं.

फ्राउकेने कामाचं बाक फिरवून दाराकडे तोंड करून घेतलं. मग अर्धवट राहिलेली खुर्ची पुढ्यात ओढली आणि खिळे ठोकायला लागली.