एकाच रंगाच्या तारा

बॉनेट उघडून आत डोकावल्याबरोबर लेकीने कपाळावर हात मारून घेतला. आतली झाडून सगळी तार करड्या रंगाची होती. हॉर्नची करडी, वायपरची करडी, पुढच्या दिव्यांची करडी, मागच्या दिव्यांचीही करडीच. जगात दुसरा रंग म्हणून काही शिल्लक नव्हता की काय, कोण जाणे.

"बाबा, हे काय करून ठेवलंय तुम्ही?"

"वायरिंग," स्टुलावर बसलेले बाबा शांतपणे म्हणाले.

लेक स्वतः गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं करायची. तिचं स्वतःचं वर्कशॉप होतं, आणि कुणी असलं वायरिंग घेऊन तिथे आलं असतं तर तिने त्याला गाडीसकट हाकलून दिलं असतं. पण ही गाडी तिच्यापेक्षा वयाने मोठी होती. गोल डोळ्यांची, दुधी रंगाची, दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज करणारी. बाबा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडत होते. निवृत्त झाल्यावर हाताला काम हवं म्हणून त्यांनी या गाडीचं जुनं वायरिंग मुळापासून उपटलं आणि एका भल्या मोठ्या करड्या रिळातून सगळं नव्याने ओढलं. दोन-चार रंग तरी आणा, असं आई म्हणाली होती. "रंग शिकाऊ लोकांना लागतात," असं म्हणून बाबांनी तिला उडवून लावलं होतं.

तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं. कुठली तार कुठून निघते आणि कुठे जाते, सगळं त्यांच्या डोक्यात होतं. आता डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. नातवंडांची नावं गेली, वार गेले, जेवलो की नाही हेही अधूनमधून जायचं. तारा मात्र होत्या तिथेच होत्या.

आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. बाबांना ते मान्य नव्हतं. ती गाडीत बसलेली असते, असं ते सांगायचे. दुपारी जेवण झालं की गॅरेजचं शटर खाली ओढायचं, अंधारात स्टूल टाकून गाडीशेजारी बसायचं आणि काचेतून आत बघायचं, हा त्यांचा रोजचा नेम. जाताना चहाचे दोन कप न्यायचे. एक रिकामा परत यायचा, एक भरलेला.

"तिच्या पायाशी उजेड असतो," ते सांगायचे. "दिवा लावून बसते."

दादाने हे सहा महिने ऐकून घेतलं. तो दोन-तीनदा स्वतः गॅरेजमध्ये जाऊन, ट्यूब लावून, गाडीची चारही दारं उघडून बघून आला. आत कुणी नव्हतं आणि कसला उजेडही नव्हता. शेवटी त्याने ठरवलं की बाबांना आपल्या घरी, आपल्या गावी न्यायचं, इथलं घर बंद करायचं आणि गाडी विकून टाकायची. तो वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरला की त्याला सगळं लगेच उरकून टाकायचं असायचं. आज पाच वाजता तो न्यायला येणार होता.

लेकीच्या डोक्यात मात्र एक गोष्ट अडकून बसली होती. गाडीची बॅटरी दर तिसऱ्या दिवशी उतरायची. बाबा ती चार्जरला लावायचे, कारण "तिला काय अंधारात बसवू?" गाडी तर वर्षभर जागची हललीच नव्हती. मग करंट जात कुठे होता?

"दादा, भास बॅटरी खात नाहीत," तिने सकाळी फोनवर सांगितलं होतं. "कुठेतरी पाणी मुरतंय. मला बघू दे."

"बघ. खरंच काही पेटलेलं सापडलं तर बॅग भरत नाही, बाबा राहू देत इथेच. शब्द देतो. नाही सापडलं तर तू मध्ये पडायचं नाहीस."

म्हणून ती आली होती, आणि आता तीन वाजले होते.

तिने बॅटरीची एक केबल सोडवली आणि ती केबल आणि बॅटरी यांच्यामध्ये स्वतःचा टेस्ट लॅम्प जोडला. हातभर वायरला लावलेला छोटासा बल्ब, बाकी काही नाही. गाडीतलं सगळं बंद असताना तो पेटायला नको. तो पेटला. पण धड पेटला नाही. तांबूस, झोपाळू, अर्धा.

लेक त्याच्याकडे बघतच राहिली. तार कुठे थेट बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, चिकटली असती, तर बल्ब लख्ख पेटला असता. हा अर्धाच पेटतो म्हणजे वाटेत आणखी कुणीतरी आपला वाटा घेत होतं.

फ्यूज चारच होते. तिने एकेक उपसला. पहिला काढला, बल्ब तसाच. दुसरा, तिसरा, चौथाही काढला. बल्ब ढिम्म. याचा अर्थ ही लाइन फ्यूजमधून जातच नव्हती. बाबांनी ती बॅटरीकडून परस्पर ओढली होती, आणि एक्स्चेंजमध्ये असं करणाऱ्या पोराला त्यांनी स्वतःच उभा-आडवा घेतला असता.

"बाबा, फ्यूज न लावता कुठली लाइन काढली होती?"

"मी? असं कधी करत नाही मी."

"आठवून बघा ना."

त्यांनी आठवून बघितलं. त्यांचा चेहरा बघून लेकीला वाटलं, उगाच विचारलं. एखाद्या खोलीत शिरल्यावर, आपण इथे कशाला आलो, असं होतं ना, तसे ते दिसत होते. मग तिला काय सुचलं कुणास ठाऊक, तिने त्यांचा हात धरून त्यांना उठवलं, गाडीपाशी आणलं आणि डॅशबोर्डखालून निघणारा करड्या तारांचा जुडगा त्यांच्या मुठीत दिला.

बाबांनी डोळे मिटले. बोटं हलायला लागली.

"ही हॉर्नची," ते पुटपुटले. "ही वायपरची. ही काट्याची, पेट्रोलच्या. ही मागे जाते." नातवाचं नाव न आठवणारा माणूस हे सांगत होता, एकही न चुकता, तारांना बाळसं धरलेल्या पोरांसारखं चाचपत. शटरच्या फटीतून येणारी उन्हाची पट्टी जमिनीवरून हळूहळू सरकत होती. गॅरेजमध्ये जुन्या रबराचा आणि ग्रीसचा वास होता, आणि वेळ कुठेतरी बाहेरच थांबला होता. लेकीला वाटलं, हे असंच चालू राहावं, पाच वाजूच नयेत.

एका तारेवर बोटं थांबली.

"ही तिची," बाबा म्हणाले.

"तिची म्हणजे?"

"हळू बोल, ठिणगे. ती बसलीये."

लहानपणापासून ते तिला ठिणगीच म्हणायचे. तिने ती तार जरा ओढून बघितली. बॉनेटपाशी टेस्ट लॅम्प लुकलुकला. पुढचं जे काम तिला सुचलं ते इतकं साधं होतं, की दादाला ते सहा महिन्यांत सुचलं नाही याचं हसू यावं. तिने भिंतीवरचं बटण दाबून ट्यूब बंद केली.

अंधार झाला. आणि मग तो अंधार हळूहळू उजळला.

शेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे, अगदी खाली, मंद पिवळा उजेड होता. पत्र्याच्या छोट्याशा आडोशामागून तो फक्त खाली पडत होता. वर काच काळीच होती. बॉनेटमध्ये तिचा बल्ब आणि खाली हा दिवा, एकाच करंटवर, निम्मे-निम्मे. रबरी मॅटवर उजेडाचं तळं साचलं होतं, आणि तळ्याच्या काठाशी सीटचा झिजलेला कोपरा गुडघ्यासारखा गोल दिसत होता. लेकीला आईची पावलं दिसली. चपला काढून, एकावर एक टाकून ठेवलेली. ती दिसली, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. 'आई' अशी हाक तिच्या ओठांवर आली होती.

मग तिने स्वतःला सावरलं, दार उघडलं आणि खाली वाकली.

दारापाशी पाय टेकायची पत्र्याची पट्टी होती. तिच्या खालून या दिव्याची एक तार बटणाकडे जात होती. पट्टीच्या कडेने तारेचं कव्हर घासून-घासून गेलं होतं आणि आतलं तांबं बॉडीला टेकलं होतं. बटण दाबायची गरजच उरली नव्हती. दिवा दिवसरात्र आपला पेटलेलाच.

"चष्मा पडायचा तिचा," मागून बाबांचा आवाज आला. "रस्त्यात अंधार झाला की सापडायचा नाही. मग चिडायची माझ्यावर. एका रविवारी बसवून टाकला हा दिवा. फ्यूज नंतर लावू म्हटलं." ते वाकून बघत होते. बराच वेळ बघत होते. "दिवाच आहे होय हा?"

"हो, बाबा."

"म्हणजे उजेड होता."

"होता ना! तुम्ही बरोबर सांगत होता. आम्हीच कुणी नीट बघितलं नाही."

लेकीला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. बाबांना मात्र तसं काही वाटत नसावं. त्यांनी हात पुढे केला.

"टेप दे."

"मी करते, बाबा."

"माझी तार आहे. दे."

त्यांनी घाई केली नाही. पट्टी जराशी उचलून तार मोकळी केली. तांबं बॉडीपासून सुटलं त्या क्षणी दोन्ही दिवे एकदम विझले. त्या अंधारात ते तारेवर टेप गुंडाळत राहिले, घट्ट, वेढ्यावर वेढा, एक्स्चेंजमध्ये गुंडाळायचे तशी. लेकीने ट्यूब लावली तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते.

पाचला पाच मिनिटं असताना दादा आला. लेकीने त्याला ओढतच गाडीपाशी नेलं, ट्यूब बंद केली आणि बटण दाबून दिवा लावून दाखवला. बंद केला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा दादा खाली जमिनीवरच बसला.

"मी ट्यूब लावून शोधत होतो," तो म्हणाला. मग बाबांकडे वळून, "चुकलो मी, बाबा. बॅग नाही भरायची. तुम्ही राहा इथेच. मी येत जाईन दर आठवड्याला."

लेकीचा जीव भांड्यात पडला. जिंकली होती ती.

बाबा फडक्याने एकेक बोट पुसत होते.

"कशाला राहू?" त्यांनी विचारलं. रागावून नाही, खरोखरच माहीत नसल्यासारखं. "ती इथे होती म्हणून थांबलो होतो. तिला एकटीला टाकून येणार होतो का मी?" त्यांनी गाडीत एकदा बघून घेतलं. "नाहीये ती. चल, येतो तुझ्याबरोबर. स्वेटर कपाटात वरच्या खणात आहेत."

दादाने लेकीकडे बघितलं. त्यालाही हे नको होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

लेक गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसली. तिने पट्टीखाली हात घातला. टेप अजून ताजी होती, टोक नखाने उचललं की मिनिटभरात सुटली असती. तांबं बॉडीला टेकवायचं, ट्यूब बंद करायची, चहाचे दोन कप आणायचे, एवढंच काम होतं. तिने टोक उचललंसुद्धा.

तिच्या खांद्यावर बाबांचा हात पडला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "चांगली गुंडाळलीये मी."