माळ्याखाली उभी राहिलेली घोडीची पायरी

"पाय मोडला ते एका परीनं बरंच झालं म्हणायचं. आता घोडं सुटेल तिचं आपोआप."

"आई, हळू बोल गं. वहिनी आत आहे."

हे बोलणं स्वयंपाकघरातलं. सून आतल्या खोलीत होती आणि प्लास्टरमधला तिचा डावा पाय माझ्यावर होता. तिनं ऐकलं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण इतका वेळ ताल धरून हलणारी तिची बोटं एकदम थांबली. लग्नाला चारच महिने झाले होते. त्या घरात तिचा आवाज अजून नव्या कपड्यासारखा घडीतच होता.

मी पायरी बोलतेय. घोड्यावर चढायची लाकडी पायरी. दोन टप्पे, चार पाय, उचलून कुठेही नेता येते. एका सुतारानं जुन्या दाराच्या फळ्यांतून मला बनवलं आणि तबेल्याच्या मास्तरांना देताना सांगितलं, "हिच्यावर हत्ती चढवलात तरी हलायची नाही." हत्ती कधी आला नाही. माणसं आली.

घोड्याच्या डाव्या अंगाला उभं राहायचं आणि माणसाला वर पोचवायचं, एवढंच माझं काम. यात कमीपणा काय आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. पोट सुटलेले गृहस्थ मला बघून न बघितल्यासारखं करतात आणि रिकिबीत पाय अडकवून घोड्याच्या अंगाला लोंबकळत राहतात, वाळत घातलेल्या सतरंजीसारखे. घोडं बिचारं पाठ वाकडी करून सोसतं. शेवटी मोतद्दार त्यांना मागून ढकलतो. ढकलून घेण्यात कमीपणा नाही हं. माझ्यावर पाय ठेवण्यात आहे!

ही सूनसुद्धा त्यांतलीच. लहानपणापासून तबेल्यात येणारी, आता सकाळी मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी. स्वतः बसायची ती एकाच तांबड्या घोडीवर. लग्नानंतर सासरची मंडळी तिची घोडेस्वारी बघायला पहिल्यांदा तबेल्यात आली, त्या दिवशी बाईसाहेबांना ऐट सुचली. मी पाच पावलांवर उभी असताना तिनं घोडीवरून थेट खाली उडी मारली. खाली खुरांनी झालेला खड्डा. घोट्याचा कट्‌कन आवाज झाला, तो मी ऐकला. घोडी खांबासारखी उभी होती. पण कुंपणापाशी सासूबाई ओरडल्या, "पाडलं मेलीनं!" आणि त्या घरात तेच कायम झालं.

डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितला. घरात तेवढ्या उंचीचं काही सापडेना, म्हणून तिच्या नवऱ्यानं मास्तरांकडून मला मागून नेलं. मास्तर म्हणाले, "न्या. पण दोघी परत आल्या पाहिजेत. तीन महिने थांबतो. पुढे ती घोडी दुसऱ्या तबेल्यात द्यावी लागेल. नुसतं उभं राहून घोडं बिघडतं."

सासरी गेल्यावर माझं नाव बदललं. तिथे मी 'स्टूल' झाले. माझ्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला, ओला पंचा आला. सासरे नखं काढायला माझ्यावर बसत. एकदा तिथे बसूनच मुलाला म्हणाले, "माणसानं आपली पायरी ओळखून राहावं. समजावून सांग तिला." आपण कशावर बसलोय, ते काही त्यांनी ओळखलं नाही. मुलगा म्हणाला, "बघू." हा त्याचा आवडता शब्द. पाणी गळतंय? बघू. बायकोला घोडी परत हवीय? बघू. इतकं बघणारा माणूस मी पाहिला नाही, आणि ज्याला इतकं कमी दिसतं असा तर नाहीच.

खोटं कशाला बोलू, प्लास्टर असेपर्यंत सासूबाईंनी तिचं सगळं केलं. केस विंचरून दिले, ताट हातात दिलं. "तू उठू नकोस गं," हे तर दिवसातून वीसदा. पण प्लास्टर निघून ती चालू लागली, तरी ते 'उठू नकोस' काही उठेना, तेव्हा मला शंका आली. काही माणसं ज्या हातानं कुरवाळतात, त्याच हातानं कडीही घालतात.

प्लास्टरमधून निघालेला पाय वाळक्या शेंगेसारखा होता. घोटा हलेना. घोड्यावर चढतात डाव्या बाजूनं, आणि मोडलेला पायही डावाच. इथंच घोडं पेंड खात होतं. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या कडेवर बोटं टेकवायची आणि टाच खाली सोडायची. पुन्हा वर. वीस वेळा." ती कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली. मास्तर तबेल्यात दिवसभर दुसरं काय ओरडत असतात? "टाच खाली! टाच खाली!"

रोज दुपारी घर आडवं झालं की ती दार लोटून माझ्यावर उभी राहायची. पहिल्या आठवड्यात टाच तसूभर हलली नाही. एकदा भिंतीला कपाळ टेकून रडली. चौथ्या आठवड्यात टाच माझ्या कडेच्या खाली उतरली. डॉक्टर म्हणाले, "पायरीवरून चढायचं, पायरीवर उतरायचं. घोडी नुसती चालवायची, पळवायची नाही." सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांना काय जातंय सांगायला!"

आता खरी गंमत ऐका. घोडीसाठी नाजूक असलेला तो पाय माळ्यासाठी मात्र ठणठणीत होता. माळ्यावरचं काही काढायचं झालं की नणंदेला गरगरायचं, सासऱ्यांची कंबर धरायची, नवरा बघू म्हणायचा. मग मला माळ्याखाली ओढायचे आणि हाक यायची, "अगं, तू चढ. तुला सवय आहे उंचावरची."

तीन महिने भरायला चार दिवस होते. घरी पाहुणे यायचे होते. ती माझ्या वरच्या टप्प्यावर चवड्यांवर उभी राहून माळ्यावरचं सर्वांत मोठं पातेलं काढत होती. तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांचा. सासूबाईंनी घेतला.

"नाही हो मास्तर. तिचा पाय फार नाजूक आहे अजून. तुम्ही आपलं दुसरं कुणी बघा."

हे म्हणताना त्यांनी वर पाहिलं आणि मोकळ्या हातानं खूण केली, झाकणही काढ म्हणून.

ती उतरली. पातेलं जमिनीवर ठेवलं. मला काखेत मारलं आणि चपला घालू लागली. "अगं, स्टूल कुठे नेतेस?" सासूबाईंनी विचारलं. पाय कुठे नेतेस, हे नाही विचारलं. नवरा क्षणभर बघत राहिला आणि त्यानं गाडीची किल्ली उचलली. मागोमाग बाकीचे तिघंही बसले. घोडी समोर आली की हिची जिरेल, असा त्यांचा होरा असावा.

मास्तरांनी घोडी आणली, मला डाव्या अंगाला ठेवलं. ती माझ्यावर चढली आणि तिथेच थांबली. आयाळ मुठीत धरलेली. तिचा डावा घोटा थरथरत होता. बाकी कुणाला कळलं नाही, मला कळलं. मग तो उचलला गेला, रिकिबीत बसला, आणि माझ्यावरचा सगळा भार एकदम गेला.

दोन फेऱ्या झाल्या. चालत. मास्तर एकदाही ओरडले नाहीत. ओरडायला टाच वर नव्हतीच. मग तिनं मला जवळ आणायला सांगितलं आणि सावकाश, माझ्यावर पाय ठेवून, सगळ्यांदेखत उतरली. शिकली एकदाची!

कुंपण घट्ट धरून उभ्या असलेल्या सासूबाईंनी श्वास सोडला. "झालं ना मनासारखं? चल आता. ते स्टूल घे. झाकण माळ्यावरच राहिलंय."

आज मी पुन्हा तबेल्याच्या दाराशी आहे आणि सतरंज्यांसारखे लोंबकळणारे गृहस्थ बघतेय, ते त्यावर ती जे बोलली त्यामुळे. आवाज चढवला नाही तिनं. घडी तेवढी मोडली.

"ही पायरी इथली आहे, आई. इथंच राहील. आणि झाकणाचं तुम्ही आपलं दुसरं कुणी बघा. माझा पाय फार नाजूक आहे अजून."