घरपोच तांदूळ

आलापल्लीच्या माझ्या दुकानात फोन बसवला, तेव्हा मी घरपोच किराणा सुरू केला. नंबर लिहून घरी नेला तो माझं जुनं गिऱ्हाईक असलेल्या पत्रूभाऊंनीच. म्हणाले, "पोरगा-सून दोघंही नोकरीवर, त्यायले आराम होईल." तोवर घरचा बाजार भाऊच करायचे. तांदळाचा दाणा दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय पिशवी उघडायचे नाहीत.

तीन आठवड्यांनी त्यांच्या सुनेचा, अन्नपूर्णाबाईचा, फोन आला. यादी सांगून झाल्यावर म्हणाली, "वहाबभाऊ, परतताना तुमची लुना रिकामीच जाते ना? बाबाले स्टँडवर सोडून द्या. गावी गोंडपिपरीले चालले. आता इथी त्यायचं काम काय?"

गिऱ्हाईक पक्कं होतं. मी हो म्हणालो.

भाऊ मागे बसले, मांडीवर बाजाराची पिशवी घेऊन. तिच्यात आता त्यांचे कपडे होते. उतरताना म्हणाले, "तांदूळ पाहून देजो, बापा. नातीले किडका चालत नाई."

माझं डोकं फिरलं होतं. पुढच्या यादीला मी मुद्दाम किडकाच तांदूळ पाठवला आणि शिव्या खायला फोनजवळ बसून राहिलो.

आठवड्यानं अन्नपूर्णाबाईचा फोन आला.

"तांदूळ मागच्यासारखाच पाठवा, भाऊ."