चौदाव्या होलवरचं घर

रांगणेकर साहेबांना जगात ज्या ज्या खासगी गोल्फ क्लबात खेळायला मिळालं, त्या त्या क्लबाच्या चौदाव्या होलवर, फेअरवेच्या, म्हणजे चेंडू मारत न्यायच्या गवती पट्ट्याच्या, बरोबर मधोमध, सोपान गव्हाणेचं घर होतं. कौलारू, दोन खणांचं, पुढे ओसरी, मागे गोठा, दाराशी तुळस. ओसरीवर सोपानची बायको हौसा सुपात तांदूळ घेऊन निवडत बसलेली असायची. परदेशातले मेंबर घराला वळसा घालून पुढे जायचे, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. वावगं वाटायचं ते एकट्या सोपानला, आणि त्याच्या खांद्यावर साहेबांची बॅग असायची.

कॅडी म्हणजे बॅग वाहणारा, एवढंच लोकांना माहीत असतं. खरं काम निराळंच. वारा कुठला, उतार कुठे, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू कुठल्या अंगाला वळेल, हे कॅडी सांगतो आणि साहेब मारतात. चेंडू भोकात गेला तर साहेबांचा हात चांगला, नाही गेला तर कॅडीचा अंदाज चुकला. सोपान बत्तीस वर्षं असा चुकत आला होता. रांगणेकर साहेब कंपनीतून निवृत्त झाले आणि त्यांनी जगातल्या वीस नामांकित क्लबांची यादी केली. तिथे तिकीट काढून जाता येत नाही, आपल्या क्लबाचं ओळखपत्र न्यावं लागतं आणि तिथल्या मेंबरानं बोलवावं लागतं. साहेबांनी बोलावणी जमवली आणि सोबत सोपानला घेतलं, कारण त्याच्याशिवाय त्यांना एक ग्रीन धड वाचता येत नव्हतं.

घर कुणी उचलून नेलं नव्हतं. पुण्याजवळच्या डोंगरावर साहेबांचा जो क्लब आहे, त्यानं कोर्स लांबवायला घेतला, तेव्हा गवतच सोपानच्या घराशी, शेलारमाळापर्यंत, चालत आलं. सोमवारी ते ओढ्याशी होतं. मंगळवारी हौसाच्या चुलीमागच्या भिंतीला टेकलं, आणि बुधवारी घराला वेढा घालून उंबऱ्यापाशी दोन्ही बाजूंनी भेटलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणावं, तर नागोबा निदान बिळात तरी शिरतो. हे गवत आत शिरलं नाही, बाहेरच वाट अडवून बसलं.

गुरुवारी क्लबाचे सेक्रेटरी वही घेऊन आले. कॅडी, माळी, मेंबर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "या घराबद्दल कुणाची हरकत?" नेमके त्याच वेळी रांगणेकर साहेब शेजारच्या तेराव्या ग्रीनवर पट मारायला, म्हणजे चेंडू हलकेच भोकात ढकलायला, वाकले होते. साहेब वाकले की कॅडीनं हाताची घडी, तोंडावर बोट. श्वाससुद्धा जपून घ्यायचा. सोपानच्या ओठांवर आलेलं त्यानं गिळलं. साहेबांचा चेंडू भोकात पडला तोवर सेक्रेटरींनी वहीत 'हरकत नाही' असं लिहून वही मिटलीसुद्धा होती. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

मग स्कोअरकार्डाच्या मागे छापून आलं: 'चौदाव्या होलवरचं घर ही न हलणारी अडचण समजावी. चेंडू घराला अडल्यास खेळाडूनं तो दंडाशिवाय बाजूला घ्यावा. घरातल्या माणसांनी खेळात व्यत्यय आणू नये.' मोठे क्लब एकमेकांचे नियम पाळतात. त्यामुळे साहेबांचं ओळखपत्र जिथे जिथे चाललं, तिथे तिथे घरही चाललं.

आता कुणी म्हणेल, घर समोर आहे तर जावं आत. ज्यानं बॅग वाहिली नाही त्यानंच असं म्हणावं. अठरावा होल होईपर्यंत कॅडीनं बॅग खाली ठेवून साहेबांपासून दूर जायचं नाही, आणि अठरावा झाला की कॅडीनं कोर्सवर पाऊल टाकायचं नाही. सात महिने झाले, सोपान आपल्या घरावरून रोज जात होता आणि निजत होता कॅडींच्या शेडमध्ये. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

स्कॉटलंडला पोचले तेव्हा त्याला पहिल्यांदा दिसलं, की घराची वळचण आपल्या खांद्याला लागते आहे. घर सगळीकडून सारखंच लहान झालं होतं. गोठा, तुळस, सूप, सुपातला तांदूळ, सगळं त्याच मापात. साहेब समुद्राकडून येणारा वारा अजमावत उभे होते, तेवढ्यात सोपान बॅगेसकट ओसरीपाशी वाकला.

"हौसा, तू लहान झालीस."

"मी हाय तेवढीच हाय," हौसा म्हणाली. "तुमीच वाढत चाललाय, परमुलखात हिंडून. जेवून जाताय का?"

"खेळ चालू हाय."

"कवा संपायचा?"

तेवढ्यात साहेबांनी सात नंबरची स्टिक मागितली. पुढच्या चार क्लबांत त्यानं नुसतं माप घेतलं. छातीला, बरगडीला, कमरेला. क्लब जितका नामांकित, तितकं त्यांचं गवत आखूड, आणि जितकं गवत आखूड, तितकं घरही आखूड. हे गणित त्याला ग्रीन वाचता वाचता कळलं, आणि कळलं तेव्हा त्याला नुसता राग आला नाही, तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्यानं साहेबांना वाऱ्याचा अंदाज बरोबर सांगितला, कारण रागावलेला असला तरी तो कॅडी होता.

जपानात घर मांडीपर्यंत आलं. तिथल्या यजमान मेंबराची कॅडी साठीच्या पुढची बाई होती, डोक्याला पांढरं फडकं, हातात पांढरे मोजे. तिची भाषा सोपानला येत नव्हती, पण कॅडींची भाषा सगळीकडे एकच, ती कमी बोलायची असते. चौदाव्या होलवर तिनं त्याला कोपरखळी मारली आणि बोटानं हद्दीकडे दाखवलं. कोर्सची हद्द दाखवायला पांढऱ्या खुंट्या ठोकलेल्या असतात. त्या खुंट्यांपलीकडे घरांचा ढीग होता. गवती छपरांची घरं, एक शाळा, दोन देवळं, एक पाणवठा, सगळं घोट्याएवढं, एकावर एक टाकलेलं.

"खालून तिसरं माझ्या वडलांचं," ती म्हणाली.

"कुणी टाकलं?"

"मीच. वडील आत जेवत होते. घर गुडघ्याखाली आलं की ती सुटी अडचण होते. सुटी अडचण खेळाडू उचलू शकतो. आणि खेळाडूसाठी उचलणं कुणाचं काम?"

सोपाननं विचारलं, "वडील काय म्हणाले?"

"ऐकू आलं नाही. कुणीतरी पट मारत होतं."

त्या दिवशी दुपारी, मोटारीत, सोपान बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलला. "साहेब, पुढच्या क्लबाला जायला नको."

"अरे, यादीतला शेवटचा आहे तो," रांगणेकर साहेब म्हणाले. "तिथलं बोलावणं मिळवायला मला अकरा वर्षं लागली. तिथे विसावं नाव लागलं की झालं माझं."

"तिथं माझं घर गुडघ्याखाली जाईल."

"मग बरंच झालं की. वळसा वाचेल."

"साहेब, त्या दिवशी माझी हरकत होती."

"मग बोलायचं होतंस."

"तुम्ही पट मारत होता."

"मग बरोबर केलंस," साहेब समाधानानं म्हणाले. "तो पट पडला होता." आणि त्यांनी खिडकीची काच वर केली.

शेवटच्या क्लबाच्या फाटकावर पाटी नव्हती. नाव ज्यांना माहीत असायला हवं त्यांना माहीत होतं. आत एक वही होती, तिच्यात पाहुण्याचं नाव शिसपेन्सिलीनं लिहीत. अठरा होल नीट पार पडले तर त्यावर शाई फिरवत, आणि पाहुण्याचा एक जरी चेंडू हरवला तर नाव खोडून त्याला तिथूनच परत पाठवत. रांगणेकर साहेबांनी ते ऐकून मान डोलवली. सोपानच्या हातात दिलेल्या कार्डाच्या मागे एकच ओळ होती: 'चौदाव्या होलवरचं घर ही सुटी अडचण समजावी.'

तेरा होल त्यानं कसे पार केले त्याचं त्याला ठाऊक. गवत इतकं आखूड होतं, की चेंडू घसरत जाताना आवाज होई. चौदाव्यावर घर दिसलं. ते त्याच्या पोटरीलाही पुरत नव्हतं. चुलीचा धूर मात्र निघत होता, दोऱ्याएवढा. साहेबांनी मारलेला चेंडू उसळला, घरंगळला, आणि हौसाच्या ओसरीवर जाऊन थांबला. हौसानं सूप बाजूला ओढून घेतलं.

यजमान मेंबर म्हणाले, "सुटी अडचण."

"हो, हो," साहेब म्हणाले. "सोपान, उचल."

सोपाननं वाकून घराकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत त्यानं साहेबांसाठी काय काय उचललं नव्हतं. चेंडू, स्टिका, छत्री, सिगारेटची थोटकं, एकदा तर उन्हानं चक्कर आलेले खुद्द साहेब. त्याला स्वतःची शरम वाटली, आणि शरमेहून मोठा संताप आला. त्यानं बॅग खांद्यावरून काढली आणि त्या आखूड गवतावर आडवी टाकली. आतल्या स्टिका खडखडल्या. यजमानांच्या कॅडीनं आपले पांढरे मोजे ओढत दुसरीकडे पाहिलं.

मग सोपाननं बूट काढले, कारण घरात जाताना काढतात, आणि उजवा पाय उंबऱ्यावर ठेवला. पाय मावला. मग दुसरा मावला. मग खांदे, मग डोकं. आपल्या घराचं दार आपल्याला कधीच लहान होत नाही, एवढी साधी गोष्ट त्याला आजवर कळली नव्हती, कारण त्यानं आजवर बॅग खालीच ठेवली नव्हती.

"आलात," हौसा म्हणाली. "हात धुवा."

"आधी ह्यो चेंडू आत घे."

ओसरीवरचा चेंडू आता रांजणाएवढा होता. दोघांनी खांदे लावले आणि तो दारातून आत लोटला. कोपऱ्यातलं उखळ-मुसळ बाजूला करून चेंडू तिथे बसवला. सोपाननं दाराला आतून कडी घातली. चुलीवर भात रटरटत होता, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या नाकात दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकाचा वास नव्हता.

बाहेर साहेबांचा आवाज आला. वरून, लांबून, आणि तरीही भिंती हलवणारा.

"सोपान, चेंडू कुठे गेला?"

सोपान गप्प बसला. या वेळी गप्प बसणं त्यानं ठरवून केलं होतं.

"तीन मिनिटं," यजमान मेंबर म्हणाले. चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात, त्यानंतर तो हरवला असं धरतात. घड्याळाची टिकटिक कौलांवर खडे पडावेत तशी ऐकू येत होती.

"सोपान, वेडेपणा करू नकोस. माझं नाव आहे तिथे. अरे, मी तुला जग दाखवलं."

"काय दाखवलं म्हंत्यात?" हौसानं विचारलं.

"जग."

"कसं हाय?"

"आखूड," सोपान म्हणाला.

दुसरं मिनिट झालं. साहेबांनी दार बोटानं ठोठावलं, तसा वरून भिंतीचा पोपडा सुटून भाताच्या झाकणावर पडला. हौसानं तो फुंकून उडवला. मग साहेब खालच्या आवाजात कुणाशी तरी बोलले. वळचणीखालून दोन्ही बाजूंनी पांढऱ्या मोज्यातली बोटं आली. कौलं करकरली. जमीन एकदा डावीकडे कलली, मग सरळ झाली, आणि घर गवतावरून सुटून वर वर जायला लागलं. खिडकीतून हद्दीच्या पांढऱ्या खुंट्या दिसल्या, त्यापलीकडचा ढीग दिसला, त्यातल्या एका घराच्या दारात कुणीतरी हात वर करून उभं होतं.

"थांब, लगेच टाकू नकोस," साहेब म्हणाले. "माझा चेंडू आत आहे. जरा तोंडासमोर धर."

घर हवेत थांबलं. खिडकीतला उजेड गेला. तिथे रांगणेकर साहेबांचा डोळा आला, खिडकीभर, ओला, तांबड्या शिरांचा. तो कोपऱ्यातल्या चेंडूवर गेला आणि तिथेच स्थिरावला. साहेबांनी नीट दिसावं म्हणून श्वास रोखून धरला होता.

सोपाननं मुसळ उचललं. खिडकीसमोर पाय रोवून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी ते खांद्यामागे नेलं.

"दमानं," हौसा म्हणाली. "भात सांडंल."

तिनं पदराच्या टोकानं पातेलं धरून चुलीवरून उतरवलं, भिंतीशी टेकवून ठेवलं, त्यावर झाकण नीट बसवलं, आणि हात पुसत त्याच्यामागे येऊन उभी राहिली.

"हं," ती म्हणाली. "आता."