देवबागच्या मशीनचा सूड

मित्रांनो, मी देवबागच्या खाडीवरची एक जुनी मशीन आहे. होडीच्या मागच्या फळीला इंजिन अडकवतात ना, तीच मी. माझा मूळ रंग कोणता होता, ते आता मलाही आठवत नाही. पण माझ्याशी कोण कसं वागलं, ते सगळं आठवतं.

मला दत्तारामाने आणलं. त्याच्या बायकोने, नर्मदेने, मला हळदकुंकू लावलं. मासेमारी करून किनाऱ्याला लागला की दत्ताराम स्वतः न्हाण्याआधी मला गोड्या पाण्याने धुवायचा. खारं पाणी आमच्या जिवावर उठतं, हे तो जाणून होता. नर्मदा शेजारी उकिडवी बसायची. प्लग कसा काढायचा, पेट्रोलच्या गाळणीत साचलेलं पाणी कसं ओतायचं, हे ती बघून बघून शिकली. दोरीच्या एका हिसक्यात मी सुरू व्हायचे. "शाणी गो माझी!" दत्ताराम म्हणायचा. बारा वर्षं अशी गेली.

मग एका सकाळी दत्तारामाचं उजवं अंग लुळं पडलं. त्याचा चुलतभाऊ प्रितेश दारात आला. "वयनी, दोन म्हयने होडी माका दी. मगे आणून देतंय." नर्मदेने विश्वासाने दिली. दोन वर्षं झाली तरी होडी परत आली नाही. नर्मदा मागायला गेली, तर प्रितेश चारचौघांत हसून म्हणाला, "बायलमाणसान होडी खंय चालवची?" त्या दिवशी तिने खाली मान घातली. मी मात्र मनात गाठ मारली.

प्रितेश माझ्या जिवावर पर्यटक फिरवायचा. त्याने मला कधी धुतलं नाही. मिठाने माझे स्क्रू खाल्ले. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडं राहायचं, त्यात पावसाचं पाणी जायचं. मी अडखळले की लाथ बसायची. "ह्या भंगार दर्यात ढकलूक व्हया," तो म्हणायचा. ढकल, मी म्हणायचे. पण आधी तुला घेऊन जाईन.

एके दिवशी दत्तारामाला खाडीपलीकडे कोरजाईला वैद्याकडे न्यायचं होतं. दुसरी होडी मिळेना, म्हणून नर्मदेने प्रितेशला गळ घातली. परत येताना प्रितेशने होडी सरळ घरी आणली नाही. दुपारच्या पर्यटकांसाठी डॉल्फिन कुठे आहेत ते बघायला तो खाडीच्या मुखाशी वळला. ओहोटी लागली होती. समोर वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटत होत्या.

मी याच जागेची वाट बघत होते. होडीत आणखी कोण आहे, ते मला दिसत होतं. पण रागाला डोळे कुठे असतात! टाकीतल्या पाण्याचा घोट घेतला आणि मी गप्प झाले.

प्रितेशने दहा वेळा दोरी ओढली. मग लाथ घातली. ओहोटीने होडी आडवी झाली आणि लाटांकडे सरकू लागली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

"नां... गर!" दत्ताराम कसाबसा बोलला.

नर्मदेने नांगर टाकला. दोर ताणला गेला आणि होडीने प्रवाहाकडे नाक केलं. नर्मदा मागे माझ्यापाशी आली.

"बाजूक सर."

"वयनी, तुका काय कळतला?"

"बाजूक सर म्हटलंय! होडीत येणारा पाणी उपस."

तिने माझं झाकण उघडलं. गाळणीची वाटी काढून पाणी ओतलं, प्लग पदराने कोरडा केला, नळीवरचा रबरी फुगा दाबून ताजं पेट्रोल वर चढवलं. नांगर वाळूत घसरत होता. एक हिसका. दुसरा. मी हटून बसले होते. प्रितेशला मला अजून बुडवायचं होतं. तेवढ्यात दत्तारामाचा डावा हात माझ्यावर टेकला. माझीच मला लाज वाटली. या दोघांना मी बुडवायला निघाले होते!

तिसऱ्या हिसक्याला मी सुरू झाले.

नर्मदेने प्रितेशला नांगर ओढायला लावलं, पण होडी वळवायची माझी मूठ काही त्याच्या हाती दिली नाही. तो सगळी वाट पाणी उपसत बसला. तिने होडी थेट स्वतःच्या घरासमोर लावली. बायका मासे वाळवत होत्या, त्या उठून बघू लागल्या.

"वयनी, माझे पर्यटक थांबलेत," प्रितेश पुटपुटला.

"थांबांदेत. ही होडी आता हंयसून हलूची नाय. तू चलत जा."

सगळ्यांच्या डोळ्यांदेखत तो ओल्या कपड्यांनी वाळू तुडवत गेला. बुडवण्यापेक्षा हे मला अधिक गोड लागलं.

मित्रांनो, आता नर्मदा मला रोज धुते. तुमच्या घरात जे यंत्र राबत असेल, त्याला वेळेवर पुसा, तेलपाणी करा. ते बोलत नाही म्हणून विसरतं, असं समजू नका. प्रितेश अजून या किनाऱ्यावरून जातो. मी त्याला माफ केलेलं नाही.